गुणांचे राहू द्या, आधी नळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेच्या श्रेणीसाठी दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांवरून चाललेली लढाई वाचते आहे. एक पालक म्हणतात, दहावीला गुण मिळतात म्हणूनच मुलीला चित्रकलेचा क्लास लावला. दुसरे गृहस्थ विचारतात, चित्रे काढणाऱ्यांना टक्केवारीत ही फुकटची भर कशासाठी? ए श्रेणीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3. या तीन आकड्यांवर इतकी शाई खर्च झाली. पण ही श्रेणी ज्या वर्गात तयार व्हायची तिथे आठवड्याला किती वेळ मिळतो, पाणी कुठून येते, रंगवलेले ओले कागद ठेवतात कुठे, हे एकाही पत्रात कोणी विचारले नाही. म्हणून लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, अनुदानित माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून नोकरीला लागले त्याला वीसेक वर्षे झाली. माझी मागणी साधी आहे. चित्रकलेचे आठवड्यातले दोन तास वेगवेगळ्या दिवशी न टाकता सलग द्या, आणि वर्गाच्या जवळ एक नळ द्या. बाकीचे आम्ही बघून घेऊ.

सलग तासाचा आग्रह का, ते हिशेबानेच सांगते. आमचा तास पस्तीस मिनिटांचा. घंटा झाली की आधीच्या तासाचे शिक्षक फळा पुसून बाहेर पडेपर्यंत आणि पोरे जागेवर बसेपर्यंत चार मिनिटे जातात. पाणी, कागद आणि रंग वाटायला पाच. काय करायचे ते फळ्यावर किंवा कागदावर करून दाखवायला पाच. शेवटी ब्रश धुणे, पाणी ओतणे, बाके पुसणे आणि हात धुऊन परत येणे याला सात मिनिटे, तीही मी ओरडत राहिले तर. एकवीस मिनिटे गेली, हातात उरली चौदा. चौदा मिनिटांत जलरंगाचा पहिला हातसुद्धा वाळत नाही. ओल्यावरच दुसरा रंग लागतो, कागदाचा चिखल होतो आणि मूल म्हणते, “बाई, मला रंगवता येत नाही.” त्याला येते. वाळायला वेळच मिळालेला नसतो. आता हेच दोन तास जोडून धरा. सत्तर मिनिटांतून तीच एकवीस वजा केली की एकोणपन्नास उरतात. वेळापत्रकात एक मिनिटही वाढले नाही, पण कामाचा वेळ साडेतीनपट झाला. हे गणित मी तीन मुख्याध्यापकांसमोर मांडले आहे. तिघांनीही मान डोलावली. एकाने दोन वर्षे जोडतास दिलाही. पुढे वेळापत्रक बनवणारे शिक्षक बदलले आणि माझे तास पुन्हा मंगळवारी दुपारी एक आणि शनिवारी सकाळी एक असे विखुरले. शनिवारचा तास तर अर्ध्या वेळा कवायतीत जातो.

आता पाण्याचे. आठवीच्या एका तुकडीत माझ्याकडे अठ्ठावन्न मुले आहेत आणि नळ आहे मैदानाच्या कडेला, स्वच्छतागृहाच्या भिंतीला. एकेकाला सोडले तर अख्खा तास नळावरच संपेल. म्हणून दोन बादल्या ठेवल्या आहेत, एक स्वच्छ पाण्याची आणि एक गढूळ ओतायची. प्रत्येक आठवड्याला चार पाणके नेमते. तास सुरू व्हायच्या आधी त्यांनी बादली भरून आणायची, मगाने पाणी वाटायचे, शेवटी गढूळ पाणी गोळा करून आवारातल्या झाडांना घालायचे. पाणके व्हायला पोरांची मारामारी असते, कारण घंटेच्या आधी वर्गाबाहेर जायला मिळते. पाण्यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे, चौघांत एक. तरी दर तासाला कुठून तरी आवाज येतोच, “बाई, यानं काळा ब्रश माझ्या पाण्यात घातला!” आणि ते पाणी माझे की तुझे यावर निवाडा करण्यात आणखी मिनिटभर जाते. पालकांना हा पोरकटपणा वाटेल. पण पिवळ्या रंगाच्या वडीवर कोणी काळा ब्रश टेकवला की ती वडी वर्षभर शेवाळी राहते. ज्याच्या घरी वर्षातून एकदाच रंगपेटी येते, त्याला तो पिवळा म्हणजे इस्टेट असते.

पूर्वी आमच्याकडे चित्रकलेची स्वतंत्र खोली होती. तिथे आधी संगणक आले, मग संगणक बंद पडले आणि आता पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. पोटाला आधी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून ओली चित्रे ठेवायला जागा नाही. खिडकीच्या गजापासून समोरच्या खुंटीपर्यंत सुतळी बांधली आहे आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कागद टांगते. पुढच्या तासाच्या शिक्षकांना ते आवडत नाही, आणि त्यांच्या जागी असते तर मलाही आवडले नसते. पंखा लावायचा नाही असा नियम आहे, तो मार्च-एप्रिलमध्ये कोणी पाळत नाही. बाकांवर अंथरायला जुनी वर्तमानपत्रे लागतात. आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांचा कागद पाणी चांगले शोषतो, हे सहज कळवून ठेवते.

सामानाची गोष्ट सांगते, कारण “चित्रकला महाग विषय आहे” असे कोणीतरी लिहिले होते. महाग आहे ती बारा रंगांची पेटी, विषय नाही. बारा बाटल्यांत हिरवा असतो, तपकिरी असतो, नारिंगी असतो, जांभळा असतो, आणि हे सगळे आयते मिळाल्यामुळे रंग होतो कसा हे मुलाला कधी कळतच नाही. काही वर्षांपूर्वी मी पेटी आणायची सक्ती बंद केली. वर्गाच्या वर्गणीतून पोस्टर कलरच्या पाचच मोठ्या बाटल्या आणते: लेमन यलो, क्रिमसन, निळा, पांढरा आणि काळा. काळी बाटली माझ्या कपाटात कुलपात असते. ती दिवाळीपर्यंत निघत नाही, कारण सावली म्हटली की पोरे काळा फासतात आणि पेरू कोळशाचा होतो. सावलीसाठी पेरूच्या हिरव्यात थोडा लाल घालून बघा म्हटले की आधी विश्वास बसत नाही, घातल्यावर बसतो. दुकानदार शेंदरी लाल देऊ पाहतो, तो घेत नाही. शेंदरी आणि निळा मिसळून जांभळा होत नाही, मळका तपकिरी होतो, आणि मूल समजते आपलेच चुकले. त्यासाठी क्रिमसनच लागतो. या पाच बाटल्यांतून वाटण्या करायच्या तर आईस्क्रीमच्या चमच्याने, चौघांच्या गटाला जुन्या स्टीलच्या ताटलीत. पहिल्या महिन्यात चित्र नाहीच. नुसते हिरवे. पिवळ्याच्या जवळचा हिरवा, निळ्याच्या जवळचा, लाल टाकून मारलेला, पांढरा घालून दुधाळ केलेला. एका मुलाने एकोणीस हिरवे केले आणि खाली शेतातली नावे लिहिली: कोवळी ज्वारी, घेवड्याचे पान, उसाचा पाला, विहिरीतले शेवाळ. हा मुलगा वर्गात “ढ” म्हणून बसवलेल्या बाकावरचा.

त्याहूनही स्वस्तात होते. गेरू आणायचा, कुटायचा, फडक्यातून गाळायचा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजत घालायचा आणि ते पाणी गेरूत कालवायचे. झाला रंग. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला भुकटी लागते, जास्त झाला तर कागदावर तडे जाऊन पापुद्रे सुटतात. हे प्रमाण मुलांना स्वतः शोधू द्यावे. कोळशाची पूड, हळद, नीळ यांवरही प्रयोग होतात. हळद उन्हात फिकी पडते, तेही त्यांना दोन आठवड्यांत भिंतीवर दिसते. विज्ञानाच्या सरांनी हा तास पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, हे आमच्या प्रयोगवहीत घेऊ का?” घ्या म्हटले. त्या वर्षी एका प्रदर्शनात ते विज्ञानाच्या टेबलावर मांडले गेले आणि कौतुक झाले. चित्रकलेच्या टेबलावर असते तर कोणी थांबले नसते.

आता परीक्षेकडे येते, कारण मूळ भांडण तिचे आहे. कला संचालनालयाची ही रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. एलिमेंटरीला चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीकाम), आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने आकृत्या काढणे) व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. माझ्या मते या परीक्षेचा आराखडा वाईट नाही. अनेक तरुण सहकारी तिला जुनाट म्हणतात, मी म्हणत नाही. कंपास नीट धरून वर्तुळात पंचकोन बसवणारी आणि शिरोरेषेखाली अक्षरे समान अंतरावर उभी करणारी मुले मी पाहिली आहेत, जी गणितात काठावर असतात. हाताला शिस्त लागते. भूमितीच्या पेपरात नशीब चालत नाही, म्हणून तो मला आवडतो. आणि गुणांचे म्हणाल तर ते राहू द्यावेत. त्या सात गुणांमुळे निदान काही पालक शाळेत येऊन “चित्रकलेच्या बाई कोण?” असे विचारतात. आधी फक्त स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी विचारत.

बिघाड आहे तो स्मरणचित्रात, आणि तो गुणांमुळे वाढला आहे. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढायचे. विषय ठराविक वळणाचे असतात: बाजारातले दृश्य, बसथांब्यावरचे दृश्य, जत्रेतला फुगेवाला. तर परीक्षेच्या आधी महिनाभर चालणाऱ्या काही क्लासांत मुलांना तीन आकृत्या घोटून घेतात. एक पाठमोरी बाई, डोक्यावर पाटी. एक छत्रीवाला माणूस, बाजूने. एक मुलगा, हातात फुगा किंवा पिशवी. या तिघांना मागे झाड आणि दुकान दिले की बाजार होतो, मागे एसटी दिली की बसथांबा, मागे देऊळ दिले की जत्रा. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षण करताना मी एका खोलीत तीच पाठमोरी बाई तेरा कागदांवर पाहिली. हिरवी साडी, लाल काठ, उजवा पाय पुढे. पाठमोरी का? कारण चेहरा काढावा लागत नाही. छत्री पावसाळा नसतानाही. याला पाठांतर म्हणायचे तर निदान कवितेच्या पाठांतरात कविता तरी चांगली असते.

यावर उपाय आहे, आणि तो वर्गातच करावा लागतो. आमच्या गावचा बाजार सोमवारी. सोमवारी शाळेतून घरी जाताना बाजारातून जा, कागद काढायचा नाही, नुसते बघा, एवढेच सांगते. मंगळवारी प्रश्न. भाजीवाली एक पाय दुमडून बसते की दोन्ही? तराजू कुठल्या हातात? वजने कुठे ठेवलेली? गिऱ्हाईक वाकते तेव्हा पिशवी कुठे जाते? निम्म्या गोष्टी कोणालाच आठवत नाहीत आणि तिथूनच वाद सुरू होतो. मग एका मुलीला पुढे बोलवायचे, भाजीवालीसारखे बसायला लावायचे, दोन मिनिटे सगळ्यांनी हात बांधून तिच्याकडे पाहायचे. ती जागेवर गेल्यावर पेन्सिली उचलायच्या. समोर ठेवून काढणे निराळे, गेल्यावर काढणे निराळे. पहिल्या खेपेला माणसे लाकडाची होतात. चौथ्या-पाचव्या खेपेला कंबर वाकायला लागते.

अशाच एका तासाला एका मुलीने बाजार उलटा काढला. समोर भाजीवाली नव्हतीच. कागदाच्या खालच्या कडेला मेथीच्या जुड्या आणि तागडीची एक बाजू, आणि वर नुसते पाय, धोतराचे सोगे, साड्यांच्या निऱ्या, लोंबणाऱ्या पिशव्या आणि नोट पुढे केलेला एक हात. तिची आई बाजारात बसते आणि ही शाळा सुटल्यावर आईच्या मागे बसते. तिला बाजार तसाच दिसतो. मी ते चित्र शिक्षकांच्या खोलीत दाखवले तर एक अनुभवी सहकारी म्हणाले, “छान आहे, पण परीक्षेत हे नको काढू म्हणावं, यात पूर्ण मानवाकृती कुठंय?” ते चुकीचे बोलले असे मला म्हणता येत नाही. पूर्ण आकृत्या दिसल्या पाहिजेत ही अपेक्षा असतेच. म्हणून त्या मुलीला मी दोन्ही शिकवले, परीक्षेचे वेगळे आणि तिचे वेगळे. ज्या व्यवस्थेत मला असे दोन कप्पे करावे लागतात तिच्याबद्दल पत्रे यायला हवी होती. तुमचे वाचक सात गुण रास्त की पाच, यातच अडकले.

वस्तुचित्राचेही थोडे सांगते, कारण इथे जागेचा प्रश्न येतो. तांब्या काढायला सांगितला की वरचे तोंड गोल आणि बूड सपाट रेघ, हे दर वर्षीचे. कितीही सांगा, बूड सपाटच, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे मुलाला ठाऊक असते आणि ते डोळ्यापेक्षा ठाऊक असण्यावर जास्त विश्वास ठेवते. मग मी बादली घेते. आधी जमिनीवर ठेवते आणि विचारते, तोंड केवढे उघडे दिसते? मग बाकावर. मग कपाटावर, नजरेच्या रेषेत. जमिनीवर जवळजवळ गोल दिसणारे तोंड वर जाता जाता चपटे होत जाते आणि डोळ्यांच्या उंचीला नुसती रेघ उरते. मुले अक्षरशः “हां!” करतात. पण हे करायचे तर बाके घोड्याच्या नालेसारखी मांडावी लागतात, कारण मागच्या बाकावरच्याला पुढच्याचे डोकेच दिसते. अठ्ठावन्न मुलांची बाके सरकवली की फरशीवर असा आवाज होतो की खालच्या वर्गातले गणिताचे सर शिपायाला वर पाठवतात. एकदा मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली: “तुमच्या तासाला वर्गात शिस्त नसते.” मी म्हटले, सर, हात चालू असताना तोंड थोडे चालणारच, शेजाऱ्याचा रंग मागायला बोलावे लागते. कुजबुज आणि गोंधळ यांतला फरक मला ऐकू येतो. कुजबुज अचानक थांबली की मी वळून बघते, कारण तेव्हा हमखास कोणाच्या तरी शर्टवर रंग गेलेला असतो.

माझे वर्गातले नियम फार नाहीत. खोडरबर पहिली दहा मिनिटे दप्तरात. ब्रश पाण्यात उभा सोडायचा नाही, केस वाकतात आणि मुळाशी सैल होतात. धुतल्यावर बोटांनी टोक करून आडवा ठेवायचा. दुसऱ्याच्या चित्राला हसायचे नाही. आणि एक नियम माझ्यासाठी: मुलाच्या कागदावर माझा हात चालणार नाही. मूल हात वर करून “बाई, दुरुस्त करून द्या ना” म्हणते तेव्हा दोन रेघा मारून देणे सगळ्यात सोपे असते. पण त्या दोन रेघांनंतर ते चित्र त्याचे राहत नाही, आणि पुढच्या वेळी ते पहिल्याच मिनिटाला हात वर करते. म्हणून मी रद्दी कागदांची चवड घेऊन फिरते, त्याच्या शेजारी टेकून माझ्या कागदावर दाखवते आणि तो कागद बरोबर घेऊन पुढे जाते. ठेवला तर गिरवतील.

आता शासनाकडे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, असावेत. म्हणजे शंभराच्या आतल्या शाळेला तेही नाहीत, आणि आमच्या भागातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचे पट किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. तिथली मुले नववीत आमच्याकडे येतात तेव्हा कित्येकांनी ब्रश धरलेला नसतो. “चित्रकलेच्या तासाला काय करत होता?” तर “सर म्हणायचे, काढा काहीतरी.” काहीतरी म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नारळाचे झाड. दुष्काळी माणदेशाच्या कडेला राहणाऱ्या मुलाच्या चित्रात नारळ! त्यात सरांचा दोष नाही, ते इतिहासाचे आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात आणि 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलेला मानाचे पान दिले आहे. वाचून बरे वाटले. पण आराखडा वेळापत्रकात उतरतो तेव्हा पहिली कात्री आमच्याच तासाला लागते. “मॅडम, पोर्शन राहिलाय, आज तुमचा तास घेऊ का?” हे वाक्य जानेवारीनंतर मी रोज ऐकते. उलट बाजूने, कोणी गणिताचा तास चित्रकलेला दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणखी एक. फलकलेखन, रांगोळी, प्रमाणपत्रांवरची नावे, पाहुण्यांच्या स्वागताचा बोर्ड, निवडणुकीच्या जनजागृतीची पोस्टर्स, हे सगळे चित्रकला शिक्षकाने करायचे असा अलिखित नियम आहे. मला फलकलेखन मनापासून आवडते. फक्त ते माझ्या तासाच्या वेळेत करायला लावू नका. मी व्हरांड्यात बोर्ड रंगवत असते तेव्हा आत अठ्ठावन्न मुले “शांत बसा” या सूचनेवर सोडलेली असतात.

सहलींबद्दलही लिहायचे आहे. आमच्या जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, औंधला श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर ते उभारले. राजा रविवर्म्यांची अस्सल चित्रे तिथे आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे माता आणि बालकाचे शिल्प आहे. लंडनला जाऊन बघावे लागेल असे काम साताऱ्याच्या एका डोंगरावर ठेवलेले आहे आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. मी एकदा नववीच्या मुलांना एसटीने नेले. चित्रकारांची नावे पाठ करायला लावली नाहीत. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचे आणि त्यात उजेड कुठून येतो ते मला येऊन सांगायचे, एवढेच काम दिले. एक मुलगा एका चित्रापुढे पाय बदलत बराच वेळ उभा होता. शेवटी येऊन म्हणाला, “बाई, यात उजेड दोन बाजूंनी येतोय, असं चालतं व्हय?” चालते म्हटले. दुसऱ्या आठवड्यात त्याने वर्गातल्या वांग्याला दोन सावल्या दिल्या, एक खिडकीची आणि एक दाराची. आणि खरोखर दोन पडल्या होत्या. मी रोज त्याच टेबलाशी उभी असते, मला दिसल्या नव्हत्या.

तर गुणांची चर्चा चालू द्या. पण ज्या पालकांना ती इतकी महत्त्वाची वाटते त्यांनी पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारावेत. चित्रकलेचे तास सलग आहेत का? त्या वर्गापासून नळ किती पावलांवर आहे? ओली चित्रे कुठे वाळत घालतात? गेल्या महिन्यात किती तास दुसऱ्या विषयाला गेले? उत्तरे तिथल्या तिथे मिळतील. नळाला फार खर्च येत नाही. प्लंबरकडून अंदाज काढून मी शाळा समितीकडे अर्ज दिला आहे. पाईप स्वच्छतागृहाच्या भिंतीवरून वर आणला की पुरते, खाली एक मोरी बांधली की झाले. अर्ज अजून “विचाराधीन” आहे.

पत्र लांबले याची कल्पना आहे. जागेअभावी कापावे लागले तर औंधचा परिच्छेद कापा, फलकलेखनाचा कापा, हवे तर गेरूचाही. नळाचा आणि जोडतासाचा मात्र राहू द्या.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका,
ता. कोरेगाव, जि. सातारा